लांब वाक्यांसाठी ‘मोअरओव्हर’ लागत नाही

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक यादी फिरते आहे: ‘मोअरओव्हर’, ‘फरदरमोअर’, ‘नेव्हरदलेस’ पाठ करा, इंग्रजी वाक्यं आपोआप लांब होतील. असं होत नाही. हे शब्द मुख्यतः लेखी इंग्रजीतले. गप्पांत घातले की माणूस अर्ज वाचून दाखवतोय असं वाटतं.

बोलताना वाक्य वाढतं ते ‘अँड’, ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’, ‘व्हेन’ यांच्या जोरावर. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून आपण सगळा तपशील आधी जुळवत बसतो आणि अडखळतो. इंग्रजीत कर्ता-क्रियापद आधी उरकायचं, बाकीचं मागून जोडत जायचं. ‘वी वेन्ट टू द गड्डा यात्रा’ इथे वाक्य पूर्ण झालं. आता वाढवा: ‘विथ माय कझिन्स, बट इट वॉज सो क्राउडेड दॅट वी केम बॅक अर्ली’. एकही भारी शब्द नाही, शिवाय मध्ये दम घ्यायला जागा.

‘ऑल्दो’ने सुरुवात केली तर मात्र पुढे ‘बट’ नको. जरी-तरीच्या सवयीने तो हमखास घुसतो. छोटं वाक्य म्हणजे कच्चं इंग्रजी, असंही त्याच मेसेजमध्ये ठोकून दिलंय. अहो, इंग्रज माणूसही कितीदा ‘येस, आय डिड’ एवढंच म्हणून थांबतो.