'हिरव्या' कंपन्या जास्त कमावतात, हे खरंच सिद्ध झालंय?

एक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. कधी रंगीत तक्त्याच्या रूपात, कधी एखाद्या सल्लागाराच्या सादरीकरणात. त्याचा आशय साधारण असा: 'पर्यावरण आणि समाज जपणाऱ्या कंपन्या जास्त नफा कमावतात, हे दोन हजारांहून जास्त अभ्यासांनी सिद्ध केलंय. ९० टक्के अभ्यास हेच सांगतात. अशा कंपन्यांचे शेअरही जास्त परतावा देतात. मग कायद्याची सक्ती हवीच कशाला? फायदा दिसला की कंपन्या आपणहून सुधारतील.' पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण एकेक वाक्य सुटं करून पाहिलं, की चित्र बदलतं.

'९० टक्के अभ्यास हेच सांगतात.' हा आकडा फ्रीडे, बुश आणि बासेन या तीन संशोधकांच्या २०१५ सालच्या आढाव्यातला आहे. त्यांनी सुमारे २,२०० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांचं मूळ विधान असं, की सुमारे ९० टक्के अभ्यासांत शाश्वतता (म्हणजे पर्यावरण आणि समाज जपणं) आणि आर्थिक कामगिरी यांचा संबंध 'ऋण नाही', म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं असं दिसत नाही. म्हणजे ज्यांत काहीच संबंध सापडला नाही किंवा निष्कर्ष संमिश्र निघाला, तेही या ९० टक्क्यांत धरलेले आहेत. निष्कर्षांची थेट मोजदाद केली त्या भागात स्पष्ट धन संबंध (जपणूक जास्त तिथे कमाईही जास्त) आढळला तो सुमारे ४८ टक्के अभ्यासांत. 'पर्यावरणाच्या नादी लागून कंपनी बुडते' म्हणणाऱ्यांना हा आढावा चोख उत्तर आहे. पण तोटा होत नाही म्हणजे नफा होतो, असं त्यातून निघत नाही.

'जपतात म्हणून कमावतात.' उलटही असू शकतं ना? हाती पैसा खेळता असला की कंपनी सौरपॅनल लावते, अहवाल लिहायला माणसं नेमते, लेखापरीक्षण करून घेते. वॅडॉक आणि ग्रेव्हज या संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं, की आधीच्या चांगल्या कमाईचा नंतरच्या सामाजिक कामगिरीशी संबंध आहे आणि त्या कामगिरीचा पुढच्या कमाईशीही. शिवाय सॉफ्टवेअर कंपनीला धुराडं नसतं, सिमेंट कंपनीला असतं. दोघींचे नफे शेजारी मांडून 'बघा, स्वच्छ कंपनी पुढे' म्हणणं ही धंद्याधंद्यातली तुलना झाली, वागणुकीतली नव्हे.

आणि 'चांगली कंपनी' ठरवतं कोण? बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी सहा नामांकित संस्थांची ईएसजी रेटिंग (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांवर दिलेले गुण) ताडून पाहिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या संस्थांच्या रेटिंगमधला सरासरी सहसंबंध ०.५४ भरला (१ म्हणजे रेटिंग पूर्ण जुळतात, ० म्हणजे काहीच संबंध नाही). कर्जफेडीच्या पतमानांकनात तो जवळजवळ १ असतो. म्हणजे एकीची आदर्श कंपनी दुसरीच्या लेखी सामान्य असू शकते. फोक्सवॅगन तर सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात, म्हणजे पर्यावरण-समाज जपणाऱ्या कंपन्यांच्या एका नामांकित यादीत, वाहन उद्योगात अव्वल ठरली होती. त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांतलं धूरचाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर उघड झालं. पुढे दंड, भरपाई आणि दुरुस्त्यांचा खर्च ३० अब्ज युरोंच्या वर गेला. मोजपट्टीच अशी लवचीक असेल, तर तिच्यावर उभ्या केलेल्या सहसंबंधाला किती वजन द्यायचं?

'शेअरही जास्त परतावा देतात.' इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. पुष्कळ गुंतवणूकदारांना एखादा शेअर आवडला की त्याचा भाव चढतो. कंपनीला ते सोयीचं, कारण तिला भांडवल स्वस्तात मिळतं. पण चढ्या भावाने घेणाऱ्याच्या वाट्याला पुढचा परतावा कमीच यायला हवा. हाँग आणि काकपेर्झिक यांना २००९ मध्ये हाच नियम उलट्या बाजूने दिसला: दारू, तंबाखू, जुगार यांचे शेअर मोठ्या संस्था टाळतात, म्हणून ते स्वस्त राहतात आणि परतावा जास्त देतात. मग २०१०च्या दशकात हिरवे शेअर पुढे का होते? पास्टर, स्टॅमबॉ आणि टेलर यांचं २०२२ सालचं उत्तर असं, की हवामानबदलाची चिंता अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली आणि भाव वर ढकलले गेले. असा धक्का दर दशकात मिळत नाही. २०२२ मध्येच युद्धामुळे तेल भडकलं आणि अमेरिकी बाजारात तेल-वायू कंपन्यांनी बाकी सगळ्यांना मागे टाकलं.

मग मजकुरात खरं काहीच नाही का? आहे. थ्रीएम कंपनीने १९७५ मध्ये 'प्रदूषण टाळणं परवडतं' या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. सांडपाणी साफ करत बसण्यापेक्षा प्रक्रियाच बदलायची, कच्चा माल वाया घालवायचा नाही, अशी साधी कल्पना. त्यातून पैसे वाचले आणि ते वाचणारच होते, कारण वाया जाणारा माल कंपनीने स्वतः विकत घेतलेला होता. त्याच थ्रीएमने दशकानुदशकं पीएफएएस नावाची, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायनं बनवली. तो धंदाही फायद्याचाच होता. ती रसायनं पिण्याच्या पाण्यात उतरली, पण पाणी साफ करायचा खर्च थ्रीएमच्या ताळेबंदात नव्हता. तो पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या आणि पिणाऱ्यांच्या माथी होता. खटले झाले, तेव्हा कुठे २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या सार्वजनिक पाणीपुरवठा यंत्रणांना १० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं मान्य केलं.

एकाच कंपनीत दोन्ही गोष्टी शेजारी नांदल्या. जिथे नासाडीचं बिल स्वतःला येत होतं तिथे सुधारणा परवडली. जिथे ते दुसऱ्याच्या नावे फाटत होतं तिथे प्रदूषण परवडलं.

म्हणून 'कायदे कशाला' हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात चुकीचं वाटतं. युरोपीय संघाने २००५ मध्ये कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार सुरू केला: हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे कारखान्याकडे एक परवाना हवा, आणि हे परवाने विकत घेता-विकता येतात. परवाने भरमसाट वाटले गेल्याने २०१२ ते २०१७ या काळात टनामागे भाव बहुतेक १० युरोंच्या खालीच राहिला. एवढ्याशा पैशासाठी भट्टी बदलायची तसदी कोण घेणार? मग नियम कडक झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने १०० युरो गाठले. भट्टी तीच, कोळसा तोच. पण टनाला १० युरो भरायचे असताना जो बदल तोट्यात जात होता, त्याचं गणित १०० युरोंना फिरू शकतं.