कोल्हापूर ते नांदेड म्हणे पन्नास मिनिटं!

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साइट्स असतात ना, त्यातल्या एखादीवर कोल्हापूर आणि नांदेड टाकून बघा. नकाशावर सरळ रेघ येते, साधारण ४२५ किलोमीटर. एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं, म्हणजे झाली पन्नास मिनिटं. आमच्या ग्रुपवर हाच स्क्रीनशॉट फिरला आणि ‘आता नांदेड तासाभरावर’ म्हणून अंगठ्यांची रांग लागली.

अहो, ही पन्नास मिनिटं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. रनवेच्या टोकाला जाणं, वर चढणं, उतरताना वळसा घेणं हे सगळं धरून एवढ्या अंतराला वेळापत्रकात सव्वा तास तरी लावतात. तेही विमान थेट असेल तर. मुंबईवरून गेलात तर आधी ३१० किलोमीटर वर, मग ४७० आडवं. हैदराबादवरून गेलात तरी सातशेच्या घरात. शिवाय मधे लाउंजात ताटकळणं आलंच. त्यापेक्षा संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये आडवं व्हावं, सकाळी नांदेडात दात घासावेत.

मी विमानाच्या विरोधात नाही. तीनशे किलोमीटरच्या आत गाडीच बरी. पण चारशेच्या पुढे, आणि तेही रस्ता सोलापूर-तुळजापूर-लातूर असा फिरून जात असेल, तर विमानाला नक्की अर्थ आहे. प्रश्न आहे तो भरवशाचा. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ची, म्हणजे छोटी शहरं स्वस्त विमानांनी जोडायच्या केंद्राच्या योजनेची, पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. योजना चांगलीच होती: तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीट अडीच हजारांच्या आसपास, कंपनीचा तोटा तीन वर्षं अनुदानातून भरायचा. मग सरकारी खर्च तपासणाऱ्या ‘कॅग’नं हिशेब मांडला. मंजूर मार्ग ७७४, सुरू झाले ३७१, तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४.

आता सांगा, लग्नाची तारीख धरून तिकीट काढायचं कुणी?

आणि या मार्गावर बसणार कोण, हेही बघायला हवं. अंबाबाईला येणारं कुटुंब वाटेत तुळजापूर करतं, जमलं तर वाकडी वाट करून पंढरपूरही. त्यांना वाटेतले मुक्कामच हवे असतात. सव्वा तासात ते सगळे वगळून देणारं विमान त्यांच्या काय कामाचं? विमान लागतं ते वकील, डॉक्टर, व्यापारी यांना, आणि त्यांना सकाळी जाऊन रात्री घरी परतायचं असतं. आठवड्यातून दोनदा दुपारी बाराला सुटणारं विमान त्यांनाही नको.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी नेता नव्या मार्गाची घोषणा करेल, तेव्हा अंतर नि मिनिटं राहू देत. आठवड्यातून किती दिवस, किती वाजता आणि अनुदान संपल्यावर काय, एवढं विचारा. टाळ्या नंतर वाजवू.