'शून्य उत्पन्न टाका, विमा फुकट': या निरोपात खोट कुठे आहे

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरायला लागतो. शब्द बदलतात, सार तेच. मार्केटप्लेसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यविमा बाजाराच्या, फॉर्मवर उत्पन्न जितकं कमी टाकाल तितकी हप्त्यावरची सबसिडी जास्त. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) मिळालं तर उत्तम, नाहीतर सबसिडी आहेच. आईबाबांना ग्रीन कार्ड मिळालंय ना, मग शून्य टाका. कोणी तपासत नाही.

दर वर्षी ओळखीच्या दोन-चार घरांचे फॉर्म भरायला मी बसते, म्हणून हे लिहितेय.

'उत्पन्न कमी, सबसिडी जास्त' हे खरं आहे, पण दारिद्र्यरेषेपर्यंतच. तिच्या खाली सबसिडी वाढत नाही, बंद होते. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याचा (ओबामाकेअरचा) हिशेब असा होता की रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत मेडिकेड आणि त्याच्या वर सबसिडी. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेडचा हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया धरून १० राज्यांनी तो अजून केलेला नाही, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी मधल्यामधे खड्डा पडला: ना मेडिकेड, ना सबसिडी.

आकडेच बघा. २०२६ च्या विम्यासाठी एकट्या माणसाची रेषा १५,६५० डॉलर. ह्यूस्टनमधल्या एकट्या, धडधाकट माणसाने वर्षाचं उत्पन्न १६,००० टाकलं तर सबसिडी ज्या सिल्व्हर (मधल्या दर्जाच्या) प्लॅनवरून मोजतात, तो त्याला महिना साधारण २८ डॉलरला पडतो. १५,००० टाकलं तर सबसिडी नाही, आणि टेक्ससमध्ये त्याला मेडिकेडही नाही. विमा हवा तर पूर्ण किमतीला. तोच १५,००० वाला न्यू जर्सीत असता तर सरळ मेडिकेडमध्ये गेला असता.

'मेडिकेड नाही तर सबसिडी' हेही सरसकट खरं नाही. मेडिकेडला पात्र असून 'मला ते डॉक्टर नकोत' म्हणून नाकारलंत, तरी सबसिडी मिळत नाही. शिवाय मेडिकेड चालू महिन्याची कमाई बघतं, सबसिडी अख्ख्या वर्षाची. सप्टेंबरपर्यंत ८०,००० कमावून नोकरी गेलेला नागरिक ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत मेडिकेडला पात्र ठरू शकतो. हे ऐकून लोक चमकतात! २०२७ पासून आणखी एक गाठ बसणार आहे: विस्तारातल्या मेडिकेडसाठी बहुतेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवाकार्य दाखवावं लागेल, आणि ते न दाखवल्यामुळे मेडिकेड गेलं तर सबसिडीचं दारही बंद.

आता आईबाबा. ग्रीन कार्डवर आलेल्या बहुतेक प्रौढांना पहिली ५ वर्षं मेडिकेड मिळत नाही. हा नियम १९९६ चा. मात्र सबसिडीच्या कायद्यात त्यांच्यासाठी एक सोय होती. केवळ इमिग्रेशनच्या अटीमुळे मेडिकेड मिळत नसेल, तर उत्पन्न रेषेखाली असूनही सबसिडी मिळायची. तो निरोप तेव्हा आला असता तर निदान या मुद्द्यावर मी गप्प बसले असते. जुलै २०२५ च्या कायद्याने ती सोय काढली, १ जानेवारी २०२६ पासून. आता स्वतंत्र रिटर्न भरणाऱ्या आईबाबांनी शून्य टाकणं म्हणजे आपल्याच हाताने दार लावून घेणं. काही राज्यं स्वतःच्या पैशांतून अशा लोकांना सामावून घेतात, तेवढं आपल्या राज्यापुरतं विचारून घ्या.

मुलाने त्यांना आपल्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवलं असेल तर गणित वेगळं: उत्पन्न मुलाच्या अख्ख्या घराचं धरतात. नवरा-बायको, दोन मुलं, आईबाबा अशा सहा जणांच्या घराला सबसिडीची वरची मर्यादा, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के, १,७२,६०० डॉलर; त्यावर सबसिडी नाही. २०२१ पासून ती मर्यादा तात्पुरती उठवली होती; २०२५ अखेर ती सवलत संपली आणि मर्यादा परत आली. दोघंही आयटीत असतील तर बहुधा ती ओलांडलेलीच असते.

आणि 'कोणी तपासत नाही'? सबसिडी आगाऊ मिळते. वर्ष संपल्यावर रिटर्नसोबत फॉर्म ८९६२ भरून खऱ्या उत्पन्नाशी ताळा करावा लागतो. जास्त उचललेली सबसिडी परत करताना कमी उत्पन्नाच्या घरांना आधी एक कमाल रक्कम ठरलेली असे. २०२६ च्या रिटर्नपासून ती मर्यादाही नाही. जितकी जास्त घेतली, तितकी सगळी परत.