मामा, तोंड उघड

परवापासून इंटरनेटवर माझं तोंड फिरतंय. दातांच्या डॉक्टरसमोर उघडतात तेवढं उघडं आणि भुवया थेट टाळूला टेकलेल्या. खाली पिवळ्याधमक अक्षरांत, ‘हे ऐकून मामा हादरला!!!’ उद्गारचिन्हं तीन. मी हादरलो नव्हतो. मला हादरायला कुणी वेळच दिला नाही.

भाच्याचा रिअ‍ॅक्शन व्हिडिओंचा चॅनल आहे. जगात कुठे कुठे गायलेली गाणी लावायची आणि ती ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा, एवढाच कारभार. त्याला नवा चेहरा हवा होता. माझा ‘अजून वापरलेला नाही’ म्हणाला. मी हे कौतुक समजून बसलो.

गाणं मात्र अव्वल होतं. तुवाचं. रशियातच, दक्षिणेकडे मंगोलियाला खेटून हे प्रजासत्ताक आहे. तिथले गवई एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर काढतात: खाली खर्ज अखंड चालू आणि वर शिट्टीसारखा दुसराच सूर. यात चमत्कार काही नाही. तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तशातलंच. हे स्वयंभू स्वर प्रत्येक आवाजात दडलेले असतात. जीभ, ओठ, जबडा यांचा आकार बदलत हे लोक त्यातला एकेक वेचून वर आणतात. शिट्टीच्या प्रकाराला सिगित म्हणतात, खोल घुमणाऱ्याला कार्गिरा.

कार्गिरा सुरू झाला, अंगावर काटा आला आणि गाणं थांबलं. भाच्याचं बोट स्पेसबारवर.

‘बोल मामा.’

‘काय बोलू?’

‘काय वाटलं?’

‘अजून वाटायचंय. लाव पुढे.’

‘असं कसं? लोक कंटाळतात. काहीतरी कर. डोकं धर. खुर्चीतून मागे पड.’

पुढचे काही सेकंद वाजले. सिगित आला. पुन्हा स्पेसबार.

‘आता आवाज कुठून आला म्हणून मागे वळून बघ.’

‘मागे भिंत आहे.’

‘म्हणूनच बघ.’

मी भिंतीकडे बघितलं. रिंग लाइटमध्ये भिंतसुद्धा थक्क झाल्यासारखी दिसत होती. वळून मी सांगायला लागलो की याला सिगित म्हणतात, तर त्याने दोन्ही हात वर केले.

‘कट! मामा, तुला काही माहीत नाहीये. तू आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोयस.’

‘अरे, मी कितीतरी वर्षं ऐकतोय हे.’

‘ते चेहऱ्याला सांगू नकोस.’

मग पहिल्यापासून पुन्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवटाकडे त्याने हलकेच विचारलं, ‘रडता येईल?’ म्हटलं, समोरचा माणूस मजेत गातोय, मी का रडू? ‘शेवटी रडलं की लोक पूर्ण बघतात,’ तो म्हणाला. इतक्या तळमळीने म्हणाला की त्या क्षणी मला खरंच रडू आलं असतं, पण तोवर कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

ही थांबाथांबी निव्वळ त्याची लहर नाही, तेही कळलं. गाणं सलग वाजवलं की हक्कदाराचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात किंवा व्हिडिओच उडतो. म्हणून गाण्याचे तुकडे करायचे आणि मधल्या फटींत आपलं तोंड भरायचं. म्हणजे गाणं पूर्ण ऐकणं हे या धंद्यात नुकसानीचं.

तशी दुकानदारी जुनीच आहे म्हणा. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शिक्का 1987 साली लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी नक्की केला. कारण एवढंच, की या रेकॉर्डी कुठल्या फळीवर ठेवायच्या ते दुकानदारांना कळत नव्हतं. मालीतला एकवीस तारांचा कोरा, बालीचा गामेलान वाद्यवृंद, बल्गेरियातला अकरा मात्रांचा कोपानित्सा नाच, सगळे एका फळीवर. त्या अकरा मात्रा गटागटाने बोटांवर मोजताना मी दर वेळी चौथ्या गटाशी घसरतो, पण निदान कुणी चित्रण करत नाही.

हे सगळं इंटरनेटनेच माझ्यापर्यंत आणलं, नाही कसं म्हणू? जॉर्जियातले पुरुष तीन आवाजांत गाताना पहिल्यांदा सापडले, त्या रात्री मी झोपलो नव्हतो. आणि तेव्हा माझा चेहरा कसा दिसत होता, याची चौकशी करायला कुणी आलं नव्हतं.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. व्हिडिओच्या त्या चित्रात माझं तोंड पाऊण जागा व्यापून आहे आणि गाणारा माणूस कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याचं नाव कुठेच नाही. जन्मभर घासलेला गळा त्याचा आणि नाव कुणाचं, तर मामाचं. मी भाच्याला विचारलं. ‘खाली टाकतो,’ म्हणाला. अजून टाकलेलं नाही. रोज बघतो.

1977 साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. जेमतेम साडेतीन मिनिटं. परग्रहावर कुणाला ती सापडलीच तर ते निदान सलग ऐकतील अशी आशा आहे. आमच्या भाचेबुवांच्या हाती लागली असती तर अठरा मिनिटांची झाली असती.

खाली प्रतिक्रिया आल्यात भरपूर. गाण्याबद्दल तीन-चार. बाकी माझ्या नाकाबद्दल. एकाने लिहिलंय, ‘अंकलची ओव्हरअ‍ॅक्टिंग.’ याला मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. अजून पाठवलेलं नाही, पण मसुदा तयार आहे.

काल भाच्याचा मेसेज आला. पुढचा भाग उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या कताज्जाकवर. त्यात दोन बायका समोरासमोर उभ्या राहून घशातून आळीपाळीने आवाज काढतात आणि जी आधी हसते किंवा जिचा दम तुटतो ती हरते. मामा विरुद्ध आई, असा त्याचा बेत. तो बायकांचा खेळ आहे, हा माझा मुद्दा त्याने ‘म्हणूनच व्हायरल जाईल’ म्हणून उडवला. शेवटची आशा म्हणून ताईला फोन केला.

‘तुझ्या तोंडाकडे बघत?’ ती म्हणाली. ‘सुरुवात तरी करता येईल का मला?’