‘वेटिंगच्या नावाखाली लूट’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रविवारच्या पुणे ते मुंबई एअरपोर्ट प्रवासाला तुम्ही एक स्टार दिलात. विमान चुकतंय की काय या धास्तीत तुम्हाला आणि घरच्यांना बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण तुम्ही लिहिलंय, ‘गाडी उशिरा, वर वेटिंगच्या नावाखाली लूट.’ आमची टॅक्सी अ‍ॅपची कंपनी लहान आहे. नवीन माणूस बुकिंग करण्याआधी अशाच दोन ओळी वाचतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पिकअप दुपारी साडेतीनचा होता. गाडी ३ वाजून १८ मिनिटांनी कोथरूडला तुमच्या सोसायटीच्या गेटवर उभी होती. जीपीएसची नोंद आहे, वॉचमनच्या वहीत एंट्री आहे. प्रवास सुरू करायचा ओटीपी टाकला गेला ४ वाजून १४ मिनिटांनी. मधे ड्रायव्हरदादांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘बॅगा भरतोय, आलोच’ असं उत्तर मिळालं. साडेतीनपासून पहिली १५ मिनिटं आम्ही धरत नाही. उरली २९, मिनिटाला ३ रुपये, झाले ८७. हे पैसे पूर्ण ड्रायव्हरचे, कंपनी त्यातला रुपयाही ठेवत नाही.

आता ते का लावतो. मुंबई ड्रॉप म्हटलं की टॅक्सीवाला सहसा दोन्ही बाजूंचं भाडं सांगतो, कारण येताना गाडी रिकामी. आम्ही एकाच बाजूचे पैसे घेतो, कारण तुम्हाला सोडलं की त्याच गाडीला पुण्याचं रिटर्न भाडं आधीच लावून ठेवलेलं असतं. माझं अख्खं अ‍ॅप या जुळवाजुळवीवर उभं आहे. गाडी एका गेटवर खोळंबली की पुढचं सगळं कोसळतं. त्या दिवशी टर्मिनल २ वरून रात्री आठचं रिटर्न होतं, गाडी पोचली ८:२० ला. ते पॅसेंजर आम्हाला दुसऱ्या गाडीत बसवावे लागले. दादा मध्यरात्रीपर्यंत भाड्याची वाट बघत थांबले आणि शेवटी रिकामेच परतले. एक्सप्रेसवेचा परतीचा ३२० रुपये टोल त्यांच्याच फास्टॅगमधून गेला. लूट कोणाची झाली, सर?

‘मुद्दाम हळू चालवली’ असंही तुम्ही म्हणता. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून घरी निघालेली सगळी मुंबई घाटात असते. खंडाळा एक्झिटपासून आडोशी बोगद्यापर्यंत जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकत्र येतात, दोन रस्त्यांची गर्दी एकावर. अशा दिवशी पाऊण तास आधी घाट उतरणं आणि नंतर उतरणं यात फार अंतर पडतं. शिवाय जुलै २०२४ पासून तिथले कॅमेरे वेग ओलांडला की थेट ई-चलान पाठवतात. चलान नसतं तरीही बोरघाटात गाडी पळव असं मी कोणत्याही ड्रायव्हरला सांगणार नाही.

सगळ्यात लागलं ते शेवटचं वाक्य, ‘लॅपटॉपवर अ‍ॅप बनवून कोणी ट्रान्सपोर्टवाला होत नाही.’ माझे वडील टुरिस्ट टॅक्सी चालवायचे. मुंबईला गेले की रिटर्न मिळेपर्यंत गाडीतच झोपायचे. कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, हिंजवडीत नोकरी लागली, पण डोक्यात ती रिकामी परतणारी गाडी होती. सुरुवातीला अ‍ॅप नव्हतंच. ड्रायव्हर लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक एक्सेल शीट, एवढ्यावर रिटर्न जुळवायचो. कोड नंतर लिहिला. नोकरी सोडून पहिली अर्टिगा कर्जावर घेतली तेव्हा टॅक्सी ड्रायव्हरचा बॅज मिळवून ती मीच चालवत होतो, आणि आजही कोणी रजेवर असलं की मीच स्टिअरिंगवर बसतो. माझं वय कमी आहे हे खरं. पण धंदा मी रस्त्यावर शिकलोय.

वेटिंगचा नियम बुकिंग करतानाच आणखी ठळक दिसावा यासाठी काहीतरी करतोय, पिकअपआधीच्या मेसेजमध्येही तो यावा हे बघतो. ८७ रुपये तुम्हाला अजूनही खटकत असतील तर ते मी माझ्या खिशातून परत करीन, ड्रायव्हरकडून घेणार नाही. अ‍ॅपमधल्या मदत क्रमांकावर फोन करा, मी स्वतः बोलेन.

एक स्टार राहू द्या. मात्र दादांना ‘लुटारू’ म्हटलंय, तो शब्द तेवढा काढावा ही विनंती. त्यांची मुलगी त्यांना हे रिव्ह्यू वाचून दाखवते.