‘न्यूयॉर्कचे दुकानदार वर्गणी काढून रस्ते चकाचक करतात’ म्हणे!

दोन आठवड्यांत तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: न्यूयॉर्कमधे दुकानदार एकत्र येतात, मतदान करतात, स्वतःच्या खिशातून वर्गणी काढतात, सरकारचा एक डॉलर न घेता त्यांनी टाइम्स स्क्वेअर सुधारला, आणि आपले लक्ष्मी रोडवाले मात्र महापालिकेच्या नावाने बोंबा मारतात. मी न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहतो, हे प्रकरण रोज बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ‘वर्गणी’. ह्या प्रकाराला बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात, सगळे ‘बिड’च म्हणतात, आणि शहरात असे 75 च्या वर आहेत. एकदा हद्द ठरली की आतल्या व्यापारी इमारतींना पैसे भरावेच लागतात, शहराचं फायनान्स खातं ते वसूल करतं आणि बिडला देतं. गणपतीच्या पोरांना ‘यंदा नाही जमणार रे’ म्हणता येतं, इथे तसं म्हणायची सोय नाही. म्हणजे झाला की नाही करच?

‘मतदान करतात’ हे तर उलटंच आहे. नवा बिड करायचा ठरला की जाहीर सुनावणी होते, त्यानंतर 30 दिवसांत ज्याला नको असेल त्याने लेखी हरकत घ्यायची, आणि 51 टक्के मालकांनी किंवा 51 टक्के मूल्याच्या मिळकतींच्या मालकांनी हरकत घेतली तरच योजना बारगळते. जो नोटीस न वाचता कागदाच्या ढिगात टाकतो तो आपोआप ‘हो’ म्हणणाऱ्यांत. कॅलिफोर्नियात 1996 पासून खरंच मतपत्रिका जातात, पण तिथे मताचं वजन तुम्ही किती डॉलर भरणार त्यावर, म्हणजे टॉवरवाला एकटा गल्लीभर दुकानांना भारी.

आणि ‘दुकानदार’ कोण हो? मालक वेगळा, दुकानदार वेगळा! माझ्या एका मित्राचं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, भाड्याचं. त्याच्या लीजमधे पान 11 वर एक ओळ आहे की प्रॉपर्टी टॅक्स आणि ‘तत्सम आकारणी’ वाढली तर त्याचा वाटा भाडेकरूचा. त्याने सही करताना ती वाचलीच नव्हती, मालकाचं पत्र आलं तेव्हा मला फोन करून विचारतो की हे बिड काय असतं. बिड चालवणाऱ्या बोर्डावर भाडेकरूंना जागा असतात, पण बहुमत मालकांचंच. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या परिसरातल्या बिडमधल्या रहिवाशांनी बोर्डाच्या निवडणुकीला ‘एक माणूस एक मत’ लावा म्हणून दावा केला होता, 1998 मधे अपील कोर्टाने सांगितलं की तो नियम इथे लागत नाही. त्याच वर्षी ग्रँड सेंट्रलच्याच बिडविरुद्ध दुसरा निकाल लागला, ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली बेघर माणसांकडून तासाला डॉलर-दीड डॉलरवर काम करून घेतलं म्हणून. न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायर, ज्या पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या. हे फॉरवर्डमधे कोण कशाला टाकेल.

टाइम्स स्क्वेअर. तिथला बिड 1992 चा. पण तिथल्या 42व्या स्ट्रीटवरच्या जागा राज्य सरकारने सक्तीने ताब्यात घेतल्या, आणि डिस्नीला न्यू अॅमस्टरडॅम थिएटर नीट करायला स्वस्त सरकारी कर्ज मिळालं. बिडने झाडू मारला, सिक्युरिटी ठेवली, ते काम चांगलंच झालं, पण ‘एक डॉलर न घेता’ ही थाप आहे.

आमच्या इथलंच सांगतो. जॅक्सन हाइट्समधे 74व्या स्ट्रीटवर आपण पोहे, कोकम आणायला जातो ना, तिथून चालत थोडं पुढे 82व्या स्ट्रीटवर 1990 पासून बिड आहे. 2013 च्या सुमारास तो रूझवेल्ट अव्हेन्यूवरून शेजारच्या कोरोना नावाच्या वस्तीपर्यंत वाढवायचा घाट घातला होता. छोटे दुकानदार आणि हातगाडीवाले उठले, म्हणाले रस्ता चकाचक झाला की भाडं वाढणार आणि आम्हीच जाणार. तो विस्तार काही झाला नाही. फॉरवर्डच्या हिशोबाने ही माणसं आळशी असणार!

खरं तेवढं मान्य करतो: ही कल्पना सुरू झाली टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधे, 1970 ला, आणि ती खरोखर व्यापाऱ्यांनीच उचलून धरली होती, कारण मेट्रो आणि मॉलमुळे गिऱ्हाईक तुटत होतं.

आता लक्ष्मी रोड. तिथे पागडीची जुनी दुकानं आहेत, मालकाला मिळणारं भाडं चहापाण्याचं. मालक म्हणणार माझ्या भाड्यात हे बसत नाही, दुकानदार म्हणणार मी कुठे मालक आहे. बिल नक्की कोणाच्या नावाने फाडायचं, तेवढं फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी सांगावं, मग पुढचं बोलू.