फ्रेंच ओनियन सूपच्या कांद्याविषयी खुलासा

फ्रेंच ओनियन सूपसाठी कांदा १० मिनिटांत गडद तपकिरी होतो, असा दावा अनेक पाककृतींतून फिरत आहे. तो चुकीचा आहे. कांद्यात वजनाच्या सुमारे ८९ टक्के पाणी असते आणि ते बरेचसे आटेपर्यंत कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही, त्यामुळे पॅरिसच्या ले आल बाजाराशी जोडल्या गेलेल्या या सूपचा खरा गोडवा पातळ चिरलेला कांदा लोण्यात, मंद आचेवर, पाऊण ते एक तास परतल्याशिवाय उतरत नाही. आच वाढवली तर कडा करपतात, आतला भाग कच्चाच राहतो आणि सूप कडवट होते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने रंग लवकर येतो हे खरे, परंतु कांद्याचा लगदा होतो. मला तो मार्ग मान्य नाही.